‘काळ’कर्त्यांचे हसू आणि मुळशीची माती

(परतूर येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

परतूरसारख्या गावात पुण्याच्या एका संपादकाची जीवनकथा कशासाठी सांगावयाची, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. शिवराम महादेव परांजपे ज्या काळात ‘काळ’ पत्र चालवीत होते, त्या काळात परतूर हे निजामाच्या राज्यातील एक तालुक्याचे ठिकाण होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे धावू लागली आणि परतूरला स्टेशन झाले. परंतु रेल्वेतून माल जितक्या सहजतेने ये-जा करी, तितक्या सहजतेने विचार ये-जा करू शकत नव्हता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, बहुजनांची भाषा मराठी आणि सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी. ही परवानगी सक्तीची करणारी ‘गश्ती निशाण ५३’ जुन्या कार्यकर्त्यांच्या चांगलीच परिचयाची होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हा त्यालाही निजामी बंदीला तोंड द्यावे लागले. जेथे सरळ बोलण्याची सोय नसते तेथे माणूस कसा बोलतो, हा प्रश्न म्हणून केवळ पुण्याचा नाही. तो परतूरचाही आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत निरनिराळी सोंगे आणून समाजाच्या ढोंगावर बोट ठेवले. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाची टवाळी करतो आणि राजालाही हसावे लागते. दुर्बलांच्या हाती असलेले हे एक जुने हत्यार आहे. परांजपे यांनी ते उचलून वृत्तपत्रात आणले आणि साम्राज्यसत्तेवर चालविले. या हत्याराने काय साधले, ते कोठे बोथट ठरले आणि अखेर ते बाजूला ठेवून त्यांना स्वतःचा देहच का पुढे करावा लागला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी कोकणात महाड येथे झाला. महाड, रत्नागिरी आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. संस्कृत हा त्यांचा व्यासंगाचा विषय. एम. ए. होऊन त्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे अध्यापनही केले. रूढ मार्गाने जावयाचे असते तर त्या काळच्या एम. ए. ला सरकारी शिक्षणखात्यात मानाची जागा मिळणे कठीण नव्हते. पण पुण्यातील १८९७ साल हे रूढ मार्गाने जाण्याचे साल नव्हते. देशात दुष्काळ होता, शहरात प्लेग होता आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोरे शिपाई घरांत घुसत होते. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. वातावरणात भीती भरून राहिली. सरकारने एवढ्यावर न थांबता १८९८ च्या आरंभी भारतीय दंडविधानातील १२४ अ हे कलम अधिक कडक केले. मूळ कलमात सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा गुन्हा होता. आता ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द त्यात घालण्यात आले.

हा कायदा झाला आणि काही आठवड्यांतच, २५ मार्च १८९८ रोजी, परांजप्यांनी ‘काळ’ साप्ताहिक सुरू केले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. सरकारविषयी तुच्छता उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला, आणि ज्याची लेखणी वाचकाच्या मनात नेमकी तुच्छताच उत्पन्न करण्यात निष्णात होती असा लेखक नेमका त्याच क्षणी पुढे आला.

परांजप्यांच्या लेखनपद्धतीला कोणी वक्रोक्ती म्हणतात, कोणी व्याजस्तुती, कोणी उपरोध. अलंकारशास्त्रातील नाव कोणतेही असो, तिचे कार्य समजून घेतले पाहिजे. समजा, एखाद्या लेखकाने रावणाच्या राज्यकारभाराची तोंड भरून स्तुती केली. लंकेत सर्वत्र कशी शांतता होती, रस्ते कसे रुंद होते, न्यायालये कशी उघडी होती आणि अशोकवनातील बंदिनीला फिरावयास केवढे मोठे उद्यान दिले होते, याचे त्याने मोठ्या भक्तिभावाने वर्णन केले. यात राजद्रोह कोठे आहे? तो आहे असे म्हणावयाचे तर सरकारी वकिलाला न्यायासनासमोर उभे राहून सांगावे लागेल की, ‘महाराज, यातील रावण म्हणजे आमचे सरकार होय.’ आरोप सिद्ध करावयाचा तर आरोपीचे म्हणणे सरकारनेच उच्चारावयाचे, अशी ही कोंडी होती. ‘काळ’ने पुराणातील कथा, परदेशांच्या स्वातंत्र्याचे इतिहास, सरकारी अधिकाऱ्यांची गोड भाषणे या सर्वांचा या कोंडीसाठी उपयोग केला. ‘केसरी’ तर्काने आणि घणाघाताने लढत होता; ‘काळ’ मान लववून, हात जोडून, ‘आपण म्हणता तेच खरे’ असे म्हणत लढत होता. ही नम्रताच राज्यकर्त्यांना अधिक झोंबणारी होती.

या हसण्याचे खरे मोल अर्थकारणाच्या बाजूने पाहिल्याखेरीज कळत नाही. दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला. त्यांचा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. रमेशचंद्र दत्तांनी १९०२ पासून या देशाचा आर्थिक इतिहास लिहून जमीनमहसुलाच्या ओझ्यावर प्रकाश टाकला. हे कार्य पायाभूत होते. परंतु कोष्टके वाचून फार थोड्यांची झोप उडते. साम्राज्याचा डोलारा केवळ फौजेवर उभा नव्हता. हे राज्य आपल्या कल्याणासाठीच आहे, या प्रजेच्या समजुतीवरही तो उभा होता. दादाभाईंनी तिचा हिशेब खोटा असल्याचे दाखविले. परांजप्यांनी ती हास्यास्पद करून सोडली. जी गोष्ट चूक ठरते ती माणूस कदाचित पुन्हा मानू लागेल. जी हास्यास्पद ठरते ती तो पुन्हा सहसा मानीत नाही. नाशिकच्या तरुण सावरकरांसारखे वाचक ‘काळ’ने भारले गेले. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हाही परांजपे वक्ते म्हणून तेथे उभे होते. लेखणीइतकीच त्यांची वाणीही प्रभावी होती.

अशा पत्राला सरकारने दहा वर्षे सहन केले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडला आणि त्यावरील लेखनाचे निमित्त सरकारला मिळाले. जूनमध्ये परांजप्यांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या व्यवस्थेसाठी टिळक मुंबईस असतानाच २४ जून रोजी टिळकांनाही पकडण्यात आले. जुलैमध्ये परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच महिन्यात, २२ जुलै रोजी, टिळकांना सहा वर्षांची. टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. दूरवर असलेल्या लेनिननेही या संपाची नोंद घेतली. समाजवादी चळवळीच्या इतिहासात हा संप अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगितला जावा. मात्र त्या संपातील एक विसंगतीही सांगितली पाहिजे. जे कामगार संपादकासाठी रस्त्यावर आले, त्यांच्या चाळी, त्यांचे कामाचे तास, त्यांची मजुरी हे विषय संपादकांच्या लेखणीला त्या प्रमाणात सुचले नव्हते. कामगारांनी राष्ट्रासाठी दिले. राष्ट्राच्या पुढाऱ्यांनी कामगारांचे देणे अद्याप फेडावयाचे होते.

परांजपे १९०९ साली सुटले. पुढे जे घडले ते वृत्तपत्रव्यवसायात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तुरुंगाने ‘काळ’ बंद पडला नाही. तो जामिनाने बंद पडला. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याने छापखान्याच्या चालकाकडून आणि पत्राच्या प्रकाशकाकडून पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मजकूर आक्षेपार्ह वाटला की ती रक्कम जप्त. खटला नको, साक्षीपुरावा नको, न्यायाधीशासमोर रावण कोण याची चर्चाही नको. वक्रोक्तीने न्यायालयात निर्माण केलेली कोंडी सरकारने न्यायालयच टाळून फोडली. ‘काळ’कडे जबर जामीन मागण्यात आला आणि त्याच वर्षी पत्र बंद झाले. ‘काळातील निवडक निबंध’ या नावाने निघालेले खंडही सरकारने जप्त केले. ज्या लेखकाला तुरुंगाचे दार बंद करू शकले नाही, त्याला पैशाच्या अभावाने गप्प केले. स्वातंत्र्य हा केवळ हक्कांचा प्रश्न नसून साधनांच्या मालकीचाही प्रश्न आहे, हे समाजवादी तत्त्व याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

योगायोग असा की, ज्या १९१० साली पुण्यात ‘काळ’ मिटला, त्याच सालच्या नोव्हेंबरात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केले. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र, आणि भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढून सत्यशोधक समाजाला वाणी दिली होती. खेड्यात छापखाना चालवून, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांच्या भाषेत निघणारे हे पत्र मुकुंदरावांनी १९६७ साली देहावसान होईपर्यंत चालविले. तेही विडंबनकारच होते. ‘कुलकर्णी लीलामृत’ या त्यांच्या काव्याने पोथीचा साज घेऊन गावकामगाराच्या लबाडीची लक्तरे वेशीवर टांगली. ‘शेटजीप्रताप’मध्ये सावकाराची पाळी आली.

या दोन विडंबनकारांना समोरासमोर ठेवले म्हणजे मराठी समाजाच्या दोन वेदना समोर येतात. परांजप्यांचे हसू परक्या राज्यकर्त्यावर रोखलेले होते. त्यामागे संस्कृत विद्येचे तेज होते आणि ते समजण्यासाठी वाचकही पुराणेतिहास जाणणारा असावा लागे. मुकुंदरावांचे हसू गावातील वाड्यावर, दप्तरावर आणि वहीखात्यावर रोखलेले होते. महसूल लंडनला जातो हे एकाने सांगितले. तो महसूल भरण्यासाठी काढलेल्या कर्जात शेत सावकाराकडे जाते हे दुसऱ्याने सांगितले. दोघांचेही म्हणणे खरे होते. परंतु दोन्ही सत्ये एका पानावर फारशी आली नाहीत, आणि या फुटीची फार मोठी किंमत महाराष्ट्राने मोजली. परांजप्यांची थोरवी गाताना ही मर्यादा झाकून ठेवणे म्हणजे ज्या निर्भयतेसाठी त्यांचे स्मरण करावयाचे तिचाच अवमान करणे होय.

१९१० नंतरची दहा वर्षे परांजप्यांनी मुख्यतः साहित्याच्या आणि इतिहासाच्या क्षेत्रात घालविली. त्यांच्या नाटक-कादंबऱ्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. ‘मराठ्यांच्या लढायांचा इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ मात्र त्यांच्या अभ्यासू वृत्तीची साक्ष देतो. १९२० साली ते पुन्हा सार्वजनिक जीवनात उतरले आणि ‘स्वराज्य’ साप्ताहिक सुरू केले. टिळकांचे अनेक अनुयायी गांधींच्या असहकाराकडे साशंकतेने पाहत असताना परांजप्यांनी तो मार्ग स्वीकारला. आणि याच वळणावर त्यांच्या आयुष्यातील ते पर्व येते, जे साहित्याचे इतिहासकार बहुधा एका ओळीत उरकतात, परंतु समाजवादी कार्यकर्त्याने ज्याच्यापाशी थांबले पाहिजे. ते पर्व म्हणजे मुळशी.

मुळशीचा प्रश्न काय होता? मुंबईच्या गिरण्यांना आणि वाढत्या शहराला वीज हवी होती. सह्याद्रीतील पावसाचे पाणी अडवून ते कोकणाच्या बाजूला खाली सोडावयाचे आणि वीज निर्माण करावयाची, ही टाटांची योजना. त्यासाठी मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण. धरणाच्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावांची भाताची खाचरे, घरे आणि देवळे जाणार होती. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यान्वये एका खाजगी कंपनीसाठी सरकार शेतकऱ्यांची जमीन घेऊन देत होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यातील अग्रणी. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेथे उठली आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी तेथेच मिळाली.

या लढ्याचे वैशिष्ट्य असे की, येथे शत्रूचे रूप पालटले होते. समोर केवळ इंग्रज सरकार नव्हते. देशी भांडवल होते, आणि तेही राष्ट्रीय प्रगतीचे प्रतीक म्हणून ज्याचा गौरव होत असे असे भांडवल. शिवाय मावळातील अनेक जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. जमीन गेली तर मावळ्याचे सर्वस्व जाणार. सावकाराला मात्र बुडीत वाटणारे कर्ज नुकसानभरपाईच्या रोख रकमेतून वसूल होण्याची आशा. त्यामुळे पुण्यातील सुशिक्षितांतही दुफळी झाली. वीज हवी की खेडी हवीत, असा प्रश्न मोठ्या विद्वत्तेने विचारला जाऊ लागला. ज्यांना बुडवावयाचे होते त्यांना मात्र तो कोणी विचारला नव्हता.

परांजपे या प्रसंगी कोठे उभे राहिले? ज्यांच्या लेखणीने दहा वर्षे परक्या सत्तेची टर उडविली, ते संस्कृतचे पंडित, वयाची साठी जवळ आलेली असता, मावळातील शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९२२ साली त्यांनी सहा महिन्यांचा कारावास पत्करला. पहिली शिक्षा त्यांना राष्ट्राचा संपादक म्हणून झाली होती. दुसरी त्यांनी भातशेती वाचविण्यासाठी ओढवून घेतली. ‘काळ’च्या पानावर दोन सत्ये एकत्र आली नव्हती, ती मुळशीच्या मातीत एकत्र आली. तेथे उपरोधाची गरज उरली नव्हती. ज्याचे घर पाण्याखाली जाते आहे त्याला व्याजस्तुतीचा उपयोग नसतो; त्याला शेजारी उभा राहणारा माणूस हवा असतो.

सत्याग्रह हरला, हे सांगणे प्राप्त आहे. १९२४ च्या अखेरीपर्यंत तो निकराने चालून मावळला, धरण झाले आणि गावे गेली. २७ सप्टेंबर १९२९ रोजी शिवरामपंतांचे निधन झाले. त्याच वर्षी बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले होते. साहित्यिकांनी त्यांना आपले म्हटले, राष्ट्रवाद्यांनी आपले म्हटले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी कोठलेही अध्यक्षपद त्यांना दिले नाही. देण्यासारखे त्यांच्यापाशी काही राहिलेच नव्हते.

मित्रहो, हा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास झाला. त्याचे आज काय करावयाचे?

पहिली गोष्ट कायद्याची. ज्या १२४ अ कलमाने टिळक आणि परांजपे तुरुंगात गेले, ते स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकले. २०१२ साली मुंबईत एका तरुण व्यंगचित्रकाराला याच कलमाखाली अटक झाली. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, परंतु १५२ वे कलम आहे. देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याविषयीचे ते कलम बरेच व्यापक आहे, आणि जन्मठेप नसल्यास होणाऱ्या शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली आहे. नाव बदलल्याने स्वभाव बदलतोच असे नाही. हसणाऱ्या माणसाची भीती परक्या सरकारला वाटे, हे समजू शकते. लोकांनी निवडलेल्या सरकारलाही ती वाटत असेल, तर ते आपल्याच प्रजेला परकी समजू लागले आहे असे म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट जामिनाची. १९१० चा कायदा आज नाही. परंतु जाहिरातीवर जगणाऱ्या पत्राला वेगळ्या अनामतीची आवश्यकताच नसते. जाहिरात थांबविणे पुरते. वर्गणीदारांच्या पै-पैशावर चालणारी लहान पत्रे म्हणूनच चळवळीला प्राणासारखी जपावी लागतात. वर्गणी गोळा करणे हे कार्यकर्त्याला दुय्यम काम वाटते. ‘काळ’चा शेवट ज्याने समजून घेतला त्याला ते तसे वाटणार नाही.

तिसरी गोष्ट मातीची, आणि परतूरला ती अधिक जवळची आहे. दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्प झाला. त्याच्या बुडितात या तालुक्यातीलही जमिनी गेल्या. मराठवाड्याला पाणी हवे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुष्काळी प्रदेशातील धरण आणि मुळशीचे धरण यांना एका मापाने मोजणेही न्याय्य नव्हे. परंतु प्रश्न तोच आहे: लाभ कोणाचा, त्याग कोणाचा, आणि त्याग करणाऱ्याला विचारले कोणी? १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती त्याने आवश्यक ठरविली. मुळशीच्या शेतकऱ्याची मागणी कायद्याच्या पुस्तकात यावयास ब्याण्णव वर्षे लागली. हरलेला सत्याग्रह असा उशिरा आणि अंशतः जिंकतो. त्या कलमांना पळवाटा काढण्याचे प्रयत्नही तेव्हापासून चालूच आहेत. त्यांवर पहारा देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

शिवरामपंतांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध म्हणूनच दुहेरी आहे. सत्तेपुढे जेव्हा सारे गंभीर चेहऱ्याने मान डोलावू लागतात, तेव्हा हसणारा एक माणूस समाजाची अब्रू राखतो. परंतु हसून झाल्यावर उठून जावे लागते, जेथे पाणी चढत असेल तेथे. परांजपे दोन्ही करू शकले. दुसरे करावयास त्यांना उशीर झाला, पण ते गेले. ज्यांना आज अधिक दिसते आणि अधिक कळते, त्यांना उशिराची सबब सांगता येणार नाही.